‘पिक अप’ म्हणजे नेमके काय उचलायचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. सकाळी साडेदहाच्या सुमारास कुर्ला पश्चिमेला पाईप रोडवरच्या एका घरात मोबाइल वाजला. इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेचा मेसेज आला होता. सीनियर केजीत शिकणाऱ्या मुलीच्या अम्मीने तो उघडला. देवनागरीत लिहायचा तर तो असा होता: ‘ड्यू टू हेवी रेन, काइंडली पिक अप युवर वॉर्ड बाय ११.३०.’

ही अम्मी अडाणी नाही. माणगाव तालुक्यातल्या मराठी शाळेतून दहावी पास झालेली, वर्तमानपत्र वाचणारी, घरखर्चाची वही स्वतः लिहिणारी बाई. तिने मेसेजमधला प्रत्येक शब्द नीट वाचला. हेवी रेन म्हणजे जोरदार पाऊस. तो तर खिडकीबाहेर दिसतच होता. पिक अप म्हणजे फोन उचलणे. ‘फोन पिक अप का करत नाहीस?’ हे वाक्य ती दिवसातून दोनदा नवऱ्याकडून ऐकते. आणि वॉर्ड? कुर्ल्यात राहणाऱ्याला वॉर्ड शब्द समजावून सांगायला नको. महानगरपालिकेचा एल वॉर्ड म्हणजेच आपले कुर्ला. पाण्याची तक्रार असो, गटाराची असो, ‘वॉर्डात जा’ असेच सगळे सांगतात. तेव्हा तिने अर्थ लावला: पाऊस फार आहे, साडेअकरापर्यंत वॉर्ड ऑफिसचा फोन येईल, तो उचला. मिठी नदी फुगली की वस्त्या रिकाम्या करायच्या सूचना येतात, हे तिने सासूकडून ऐकले होते. २६ जुलै २००५ चे पाणी सासूने या घरातच पाहिले होते.

अम्मीने कागदपत्रांची पिशवी काढून माळ्यावर ठेवली आणि फोन हातात घेऊन बसली. कोणालाही फोन लावला नाही, कारण लाइन मोकळी राहायला हवी होती.

एक वाजता शेजारीण आपल्या मुलाला घेऊन भिजत वर आली आणि म्हणाली, “तुझी पोरगी अजून आली नाही?” तेव्हा ही धावत सुटली. पोटरीइतक्या पाण्यातून शाळा गाठली. सगळी मुले गेली होती. मुलगी वॉचमनच्या स्टुलावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. रडून झाले होते आणि आता नुसती गप्प होती. ऑफिसातल्या बाईंनी विचारले, “मेसेज वाचला नाही का तुम्ही?”

“वाचला,” ती म्हणाली, “म्हणूनच तर घरी थांबले.”

दीड तास उलटून गेल्यावर शाळेने एक फोन का केला नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो आम्ही तिच्यासोबत जाऊन विचारलाही. मेसेज सर्वांना गेला होता, एवढेच उत्तर मिळाले. पण या प्रसंगातली खरी गंमत (गंमत म्हणवत नाही, तरी म्हणतो) पुढेच आहे. मुलीचे अब्बा रिक्षा चालवतात, मोबाइलच्या ॲपवरून भाडी घेतात. ‘पिकअप पॉइंट’, ‘पिकअप लोकेशन’ हे शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर दिवसभर असतात. पिक अप म्हणजे ठरलेल्या जागी जाऊन माणसाला सोबत घेणे, हे त्यांना झोपेतही ठाऊक. त्या वेळी ते बीकेसीत एका प्रवाशाची वाट पाहत उभे होते. घरात एकाला शब्दाचा एक अर्थ माहीत, दुसऱ्याला दुसरा, आणि मेसेज नेमका चुकीच्या माणसाच्या हातात पडला.

तिचा मोठा मुलगा आमच्या वर्गात आहे, म्हणून ही हकिगत आमच्यापर्यंत आली. ऐकताना आम्हाला शाळेचा राग आला, तसा थोडा स्वतःचाही आला. इतकी वर्षे आम्ही फळ्यावर मधोमध रेघ मारून डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी किंवा उर्दू अर्थ लिहीत आलो आहोत. डावीकडे ‘पिक अप’, उजवीकडे ‘उचलणे’, ‘उठाना’. एका शब्दाला एक अर्थ, वहीत उतरवा, उद्या पाठ करून या. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी-उर्दू शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, पण ही मधली रेघ काही पुसली गेली नाही. त्या अम्मीला माणगावात ज्यांनी शिकवले असेल, त्यांनीही अशीच रेघ मारली असणार.

म्हणून पुढच्या शनिवारपासून, जोहरनंतर, शाळेच्याच एका रिकाम्या वर्गात आम्ही आयांचा एक छोटा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी नऊ आया आणि एक दादी आल्या. पुस्तक काही ठेवले नाही. ज्याने घोळ केला तो शब्द आधी घ्यायचा ठरला.

इंग्रजीत ‘पिक’ या साध्या क्रियापदाचा अर्थ वेचणे, तोडणे, निवडणे. फुले तोडायची, तांदळातले खडे निवडायचे, चार ओढण्यांतली एक पसंत करायची, तिथे ‘पिक’. त्याला ‘अप’ जोडले की जोडी तयार होते आणि ती जोडी आपल्या मर्जीने वागू लागते. अशा जोड्यांना इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव फार जुने नाही. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात ते वापरले आणि ते ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे नमूद केले. पण अडचण त्याहून पुष्कळ जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला मोठा इंग्रजी शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी कबूल केले आहे की क्रियापदाला छोटासा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही तऱ्हा परक्या माणसाला सर्वांत जड जाते. वर्गात हे सांगितल्यावर दादी म्हणाल्या, “म्हणजे साहेबालाच माहीत होतं की आपली फजिती होणार.”

पण आपणही काही कमी नाही. आम्ही फळ्यावर ‘बसणे’ लिहिले आणि आयांना म्हटले, याचे अर्थ सांगा. खुर्चीवर बसणे झाले. मग आवाज बसला, धक्का बसला, दंड बसला, विश्वास बसला, नवा पायजमा नीट बसला, परीक्षेला बसला, पाच हजारांचा खर्च बसला. आणि ‘मी काय बोलून बसले!’ यात तर कोणी कुठे बसतच नाही. उर्दूतही तेच: दिल बैठ गया, दीवार बैठ गई, क्या कर बैठे. ‘लागणे’ त्याहून वरचढ. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, वेड लागते, गाडी प्लॅटफॉर्मला लागते, आणि घाटातल्या वळणांवर तीच गाडी पोटाला लागते. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्यात ‘लागणे’ उघडून पाहा, अर्थांची मोठी रांग सापडेल. हे सगळे आपण कधी पाठ केले? आईच्या तोंडून ऐकले, वाक्यात ऐकले, एवढेच.

मुद्दा असा की शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो. ‘बसला’च्या आधी ‘आवाज’ आहे की ‘दंड’, हे आपण न कळत पाहतो. ‘पिक अप’चेही तसेच. त्याच्या पुढे काय आले आहे, हे पाहायचे.

पुढे जमिनीवर पडलेली किंवा ठेवलेली वस्तू असेल तर उचलणे: ‘पिक अप युवर स्लिपर्स’. पुढे फोन असेल तर फोन घेणे: ‘माय मदर-इन-लॉ डझन्ट पिक अप द फोन ड्युरिंग नमाज’. हे वाक्य एका आईने स्वतः तयार केले आणि त्यात एकही चूक नव्हती.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे सर्रास ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ म्हणतात. आपल्या देशात ते सगळ्यांना समजते, त्यामुळे त्यावरून कोणाला हसू नये. पण आखातात किंवा इंग्लंडात नोकरीच्या मुलाखतीला बसणाऱ्या मुलाने तिथे ‘अप’ लावावा, किंवा सरळ ‘आन्सरिंग’ म्हणावे. नुसत्या ‘पिक’मध्ये निवडणेच राहते.

आता तो अर्थ, ज्याने मुलीला दीड तास स्टुलावर बसवले. पुढे माणूस असेल, आणि जागा किंवा वेळ दिली असेल, तर ‘पिक अप’ म्हणजे तिथे जाऊन त्या माणसाला सोबत घेणे, न्यायला जाणे, आणायला जाणे. ‘आय विल पिक अप माय फादर फ्रॉम कुर्ला स्टेशन’. यात अब्बांना कोणी खांद्यावर उचलत नाही. आमच्या दहावीच्या वर्गात एका मुलाने नानीबद्दल असे वाक्य लिहिले, तेव्हा बाकीच्यांनी त्याला विचारले होते, “नानीचं वजन किती?” हसण्यावारी गेले, पण त्या हसण्यातच शिकवण्यातली फट दिसत होती. ‘उचलणे’ हा मराठी शब्द या अर्थापर्यंत पोहोचतच नाही. मुलीला शाळेतून उचला, असे कोणी म्हणाले तर आपल्या काळजाचा ठोका चुकेल.

एरवी मात्र ‘उचलणे’ आणि ‘पिक अप’ आश्चर्य वाटावे इतके सोबत चालतात. मुलाने भाषा उचलली, असे आपण म्हणतो. इंग्रजीतही ‘ही पिक्ड अप मराठी फ्रॉम हिज फ्रेंड्स’. मुद्दाम न शिकता, ऐकून ऐकून आलेली विद्या म्हणजे पिक अप केलेली. कुर्ल्याइतकी याची उदाहरणे कुठे मिळतील? घरात कोकणी बोली किंवा उर्दू, जिन्यात गुजराती, बाजारात बंबइया हिंदी, शाळेत मराठी. आमच्या वर्गातला आझमगडच्या कुटुंबातला एक मुलगा इतकी सुरेख मराठी बोलतो की नवीन येणारे शिक्षक त्याला चिपळूणचा समजतात. आणि चिपळूणचे पोर भोजपुरीत भांडते. चांगले तसे वाईटही पिक अप होते. एका आईचे वाक्य होते: ‘माय सन पिक्ड अप बॅड वर्ड्स फ्रॉम द लेन’. वाक्य बरोबर, तक्रारही खरी.

आजारही असाच येतो. ‘शी पिक्ड अप अ कफ ॲट स्कूल’, म्हणजे शाळेतून खोकला घेऊन आली. मराठीत इथे ‘लागण’ येते. डॉक्टरांच्या कागदावर ‘पिक्ड अप ॲन इन्फेक्शन’ दिसले तर घाबरू नये, कोणीतरी संसर्ग ‘उचलला’ एवढेच. मात्र या अर्थाने वापरताना वाक्य अर्धे सोडू नये. दादींनी ‘आय पिक अप रेन’ लिहिले होते. म्हणायचे होते की पावसात भिजून ताप आला.

मग पुढे काहीच नसेल तर? ‘बिझनेस पिक्स अप बिफोर ईद’. इथे धंदा काही उचलत नाही, तो स्वतःच वर येतो, वाढतो. आपल्या मराठीत ‘धंद्याने उचल खाल्ली’. घरी ब्लाऊज आणि कुर्ते शिवणाऱ्या एका आईला हे वाक्य इतके आवडले की तिने ते मशीनच्या पेटीवर खडूने लिहून ठेवले. गाडीने वेग घेतला, वारा वाढला, पाऊस वाढला, तब्येत सुधारत चालली, सगळीकडे ‘पिक अप’ चालतो. सीएसटी रोडच्या गॅरेजांत ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणतात, त्याचे मूळही इथेच. गॅरेजमधल्या पोराला फ्रेझल व्हर्ब शिकवायला गेलो तर तो आपल्यालाच शिकवेल.

बोलताना फरक मात्र आहे. नाम म्हणून ‘पिकअप’ (पिकअप पॉइंट, पिकअप व्हॅन, गाडीचा पिकअप) एकजीव शब्द आहे आणि जोर ‘पिक’वर पडतो. क्रियापद म्हणून ते दोन शब्द आहेत आणि जोर ‘अप’कडे सरकतो. कानाने हे चटकन कळते, वहीत कळत नाही. म्हणून हे आम्ही दहा वेळा मोठ्याने म्हणून घेतले. वॉर्डन बाई दारातून डोकावून गेल्या.

दोन शब्द असल्यामुळे त्यांच्या मध्ये जागाही होते. ‘पिक अप द चाइल्ड’ चालते, ‘पिक द चाइल्ड अप’ही चालते. पण ‘तिला’, ‘त्याला’, ‘मला’ असे छोटे सर्वनाम आले की ते मधेच बसलेच पाहिजे: ‘पिक हर अप’. ‘पिक अप हर’ ही चूक. आयांना हे विचित्र वाटले. पण आपण ‘करून टाक’च्या मध्ये ‘करून तर टाक’, ‘करूनच टाक’ असे घुसवतोच की. एकीने लगेच जोडले, लोकलमध्ये दोघींच्या मध्ये चौथी सीट करतात तसं. तिघींच्या बाकावर चौथी बसली तरी बाक मोडत नाही, हे कुर्ल्याच्या बाईला कोणी सांगायला नको.

वर्गातला सगळ्यांत अवघड क्षण एका वाक्याने आणला. एका आईने वहीत लिहिले होते: ‘पोलीस पिक अप माय ब्रदर’. वर्ग एकदम शांत झाला. आम्ही तिला काही विचारले नाही. तिने स्वतःच सांगितले की जुनी गोष्ट आहे, नाव सारखे असल्यामुळे नेले होते, दुसऱ्या दिवशी सोडले. मराठीतही ‘पोलिसांनी उचलले’ असेच म्हणतात, त्यामुळे अर्थ तिला बरोबर ठाऊक होता. तिला फक्त काळ हवा होता: ‘द पोलीस पिक्ड अप माय ब्रदर’ किंवा ‘माय ब्रदर वॉज पिक्ड अप’. यातला ‘वॉज’ राहिला आणि कर्म पुढे आले की ‘माय ब्रदर पिक्ड अप’ होते, म्हणजे भावानेच कोणाला तरी उचलले. अर्जात असे वाक्य गेले तर उलटाच अनर्थ.

इथे आम्ही व्याकरण थोडे बाजूला ठेवले. इंग्रजी वर्तमानपत्रे ‘पिक्ड अप’ लिहितात, ‘डिटेन्ड’ लिहितात, ‘अरेस्टेड’ लिहितात. मराठीत उचलले, ताब्यात घेतले, अटक केली. बातमी वाचताना हे तीन शब्द एकच समजू नयेत. ‘पिक्ड अप’ ही बोलीभाषा आहे, कायद्याचा शब्द नव्हे. अटक झाली असेल तर राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे त्या माणसाला कारण सांगावे लागते, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावे लागते. म्हणून कोणाच्या घरावर अशी वेळ आलीच तर पहिला प्रश्न विचारावा तो हाच: ‘अटक’ केली आहे का? त्या दिवशी वहीत सर्वांनी हे मराठीत उतरवून घेतले. इंग्रजीत उतरवायचा आग्रह आम्ही धरला नाही.

आणखी एक अर्थ सांगावा की नाही, यावर आम्ही आठवडाभर विचार केला. शेवटी सांगितला, कारण लाजेने न सांगितलेल्या गोष्टीच पुढे लाज आणतात. अनोळखी स्त्री किंवा पुरुषाशी मनात काही हेतू धरून सलगी करणे, यालाही इंग्रजीत ‘पिक अप’ म्हणतात. त्यामुळे तरुण मुलाने ‘आय पिक्ड अप अ गर्ल’ एवढेच म्हणून थांबू नये. ‘माय सिस्टर’ म्हणावे, ‘फ्रॉम द क्लास’ म्हणावे. नाते आणि जागा आली की वाक्य स्वच्छ होते.

बिल भरणे, रेडिओने स्टेशन पकडणे, सोडलेली गोष्ट पुन्हा तिथूनच सुरू करणे, जाता जाता दुकानातून काही घेणे, हे अर्थ पटापट झाले. शेवटचा सगळ्यांच्या कामाचा: ‘पिक अप सम ब्रेड ऑन द वे’, येताना पाव घेऊन या. हा मेसेज त्या रात्री किमान सहा नवऱ्यांना गेला, असे आमच्या कानावर आले. एकाने उत्तर पाठवले, ‘कुठे पडला आहे?’

आता ‘वॉर्ड’बद्दल. खरे तर अर्धा गुन्हा त्याचा आहे. आपल्याकडच्या शाळा ‘युवर चाइल्ड’ लिहायला का कचरतात, कोण जाणे. ‘वॉर्ड’ म्हणजे पालकत्वाखाली असलेले अज्ञान मूल. १८९० चा ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट’ आहे, त्यातला हा शब्द. कोर्टाच्या कागदावर तो शोभतो. मराठी शाळा ‘आपला पाल्य’ लिहितात, तेही जरा कडक कपड्यातलेच, पण निदान त्याचा दुसरा अर्थ एल वॉर्ड होत नाही, की भाभा हॉस्पिटलचा वॉर्ड होत नाही. ज्या मेसेजवर लहान मुलाचे घरी पोहोचणे अवलंबून आहे, त्यात एक शब्द कोर्टातला आणि एक शब्द डझनभर अर्थांचा, हे काही बरे नाही. ‘मुलांना लगेच न्यायला या’ हे वाक्य मराठीत चार शब्दांचे आहे. ‘बच्चों को फ़ौरन ले जाएँ’ हेही लांब नाही. इंग्रजीखाली ही एक ओळ टाकायला शाळेला खर्च येत नाही. आम्ही हे त्या शाळेला लेखी कळवले. इंग्रजी माध्यमात मूल घातले म्हणून आई इंग्रजी माध्यमाची होत नाही.

दुसऱ्या बाजूनेही बोलतो. वर्गातल्या काही आयांना वाटत होते की मोठे मोठे इंग्रजी शब्द आले म्हणजे इंग्रजी आले. आमच्या पिढीलाही तसेच वाटायचे. आपल्याकडे इंग्रजी कचेरीतून आणि पुस्तकातून आले, त्यामुळे लॅटिनमधून आलेले जड शब्द आपल्याला ओळखीचे वाटतात: ‘कलेक्ट’, ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’. घरात बोलणारा इंग्रज मात्र त्याच गोष्टी ‘पिक अप’, ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ अशा म्हणतो. आपल्या घरात कोणी ‘भोजन ग्रहण करा’ म्हणत नाही, ‘जेवून घ्या’ म्हणतो, तसे. ‘घ्या’ जोडले की जेवणात आपुलकी येते. परदेशात असलेल्या सुनेने व्हिडिओ कॉलवर काही म्हटले आणि ते कळले नाही, तर नव्वद टक्के वेळा हीच छोटी जोडी आडवी आलेली असते. टक्केवारी आमची अंदाजाची, पण दादींनी तिला दुजोरा दिला आहे.

जोड्या पाठ करू नका, असे आम्ही आयांना सांगतो. एका वेळी एकच घ्या आणि आपल्याच घरातली पाच वाक्ये करा. सासू, नवरा, मुले, दूधवाला, मदरसा, दवाखाना, यांच्याबद्दलची. दुसऱ्याच्या पुस्तकातला ‘जॉन’ आणि त्याची छत्री लक्षात राहत नाही. आपली वाक्ये राहतात, कारण ती खरी असतात. एका आईने लिहिले, ‘व्हेन आय ॲम सॅड माय डॉटर पिक्स मी अप’. आम्ही म्हटले, इथे ‘पिक्स मी अप’ म्हणजे मन उभारी धरते, हा अर्थ तुम्हाला कोणी सांगितला? ती म्हणाली, “कोणी नाही. ती चार वर्षांची आहे, मला कसली उचलणार? म्हणजे तोच असणार.”

यंदाच्या जूनमध्ये पुन्हा एकदा मुसळधार पाऊस आला आणि पुन्हा सकाळी मेसेज आला. इंग्रजी तेच होते, वॉर्डही तोच. पण खाली मराठीत एक ओळ आली होती, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह. पाईप रोडच्या अम्मीला तिची गरज पडली नाही. तिने शाळेला उत्तर पाठवले होते आणि शनिवारी ते आम्हाला दाखवले: ‘आय विल पिक हर अप ॲट ११. प्लीज कीप हर इनसाइड.’ ‘हर’ बरोबर मधे होते.

त्याच शनिवारी एक नवी आई वर्गात आली. तिच्या मुलाच्या शाळेतून आलेला मेसेज तिने फोनवर पुढे धरला: ‘ॲन्युअल डे इज कॉल्ड ऑफ’. ती नवा ड्रेस शिवून, मुलाला तयार करून शाळेत जाऊन आली होती. गेट बंद होते.

“बोलावलंय असं लिहिलंय ना, टीचर?” तिने विचारले.

फळा पुसून आम्ही ‘कॉल’ लिहिले.